प्रांजलीच्या झोपेची फाइल

पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी प्रांजली बोरकुटे शाळेच्या फाटकाशी स्कूटरवरून उतरायची. शाळा भरायची साडेसातला.

तिचे वडील देवराव भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात होते आणि सहाच्या फर्स्ट शिफ्टला जाता जाता तिला सोडायचे. लोकांच्या वेळा तपासणारा माणूस स्वतःच उशिरा पोचला तर भट्टीतलं लोखंड जागच्या जागी गोठेल, अशी त्यांची एकतीस वर्षांची श्रद्धा होती. प्लांटच्या वसाहतीतल्या त्यांच्या सेक्टरातली घड्याळं त्यांच्या स्कूटरच्या आवाजावर लावली जात. एकदा ते तापानं घरी पडले, तर त्या दिवशी त्यांच्या गल्लीतली चार माणसं सकाळच्या ड्यूटीवर दुपारी पोचली आणि एकाचं लग्न मुहूर्त टळून लागलं. खोटं वाटत असेल तर नवऱ्या मुलाला विचारा. तो अजून टळलेल्या मुहूर्तालाच दोष देतो.

फाटकाशी नागसेन वॉचमन शेगडी पेटवून बसलेला असायचा. तो प्रांजलीला स्टूल द्यायचा आणि ती त्याच्यासमोर पुस्तक उघडायची. जूनपासून डिसेंबरपर्यंत नागसेनचा नववीचा भूगोल दोनदा वाचून झाला होता. महानदीच्या उपनद्या तो भूगोलाच्या सरांपेक्षा भराभर म्हणायचा, आणि सर हल्ली मागच्या फाटकानं येत.

प्रांजलीनं तोंडी वाद घालून पाहिला नव्हता असं नाही.

“पापा, मी सात वाजता सायकलनं जाते न.”

“सायकलनं? एवढ्या ट्रॅफिकमंदी?”

“तुम्ही सोडता तेव्हा कुठं असते ट्रॅफिक? सारे लोक झोपून राहतात!”

“म्हणूनच तं तवा सोडतो.”

इथं वाद संपायचा. देवरावांशी वाद घालणं म्हणजे बंद काउंटरवर तिकीट मागण्यासारखं होतं. आतला माणूस दिसायचा, पण खिडकी उघडायची नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हिंदीच्या रीना मॅडमनी नववी ‘ब’च्या फळ्यावर पाच शब्द लिहिले. दावा, कारण, पुरावा, विरोध, उत्तर.

“तर्कपूर्ण निबंध,” त्या म्हणाल्या. “दो सौ शब्द. और बात ऐसी जिस पर दो राय हो सके.”

पहिल्या बाकावरच्या पीयूषनं हात वर केला. “मैडम, मोबाइल वरदान या अभिशाप?”

“बेटा, वो मैं छह सौ बार पढ़ चुकी हूँ. अब तो मोबाइल खुद शरमाता होगा.” मॅडमनी खडू ठेवला. “ऐसा विषय लो जिसमें घर का कोई आदमी सच में तुम्हारे खिलाफ हो. उसी के लिए लिखो, उसी को पढ़ाओ. नीचे उसका जवाब और उसके दस्तखत. शनिवार तक. बिना दस्तखत का निबंध मैं लूँगी नहीं.”

“और वो मान गया तो, मैडम?” प्रांजलीनं विचारलं.

“तो समझो लिखना आ गया.”

“नहीं माना तो?”

“तो नंबर मिलेंगे. मन की चीज नहीं मिलेगी.”

मनासारखी गोष्ट काय, हे प्रांजलीला शोधावं लागलं नाही. तिला पहाटेची झोप हवी होती. त्याच दुपारी तिनं निबंध लिहून टाकला. निबंध हिंदीत होता. मराठीत त्याचा अर्थ एवढाच की मला सकाळी झोपू द्यावं, कारण मला झोप येते, खूप येते, खूप खूप येते. दोनशे शब्द भरायला ‘खूप’ हा शब्द तिनं चौतीस वेळा वापरला होता.

संध्याकाळी देवराव चहा पीत बसले होते. तिनं कागद पुढे केला. “पापा, हे वाचा, अन् खाली तुमचं म्हणणं लिहून सही करा.”

देवरावांनी कपबशी खाली ठेवली. कागद दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांच्या चेहऱ्यावर अचानक असं तेज आलं की स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या कमलिनीबाईंना वाटलं, डीए वाढला.

त्याचं असं होतं. दोन वर्षांपूर्वी टाइम ऑफिसात अंगठ्याचं मशीन बसलं आणि पाठोपाठ सगळा व्यवहार कॉम्प्युटरवर गेला. कामगार अंगठा लावायचा, मशीन त्याला ‘थँक यू’ म्हणायचं, आणि देवरावांना कुणी काहीच म्हणायचं नाही. रजेचे अर्ज, खुलासे, शेरे, सगळं बंद. एकोणतीस वर्षं ज्या हातानं ‘तपासून परत’ असं लिहिलं, तो हात दोन वर्षं नुसता माऊसवर बसून होता. आणि आज त्यांच्यापुढे कागद आला होता. खरा. शाईचा. त्यांच्याच सहीची वाट पाहणारा.

ते उठले. कपाटाच्या वरच्या खणातून फाइलचं कव्हर काढलं, नाडी काढली आणि एक हिरवं पेन काढलं.

“हिरवं कावून?” कमलिनीबाई म्हणाल्या. “हिरव्यानं तं सायेब लोक लिहितात.”

“मंग या विषयात सायेब कोण आहे?” देवराव म्हणाले आणि समासात लिहिलं: ‘खूप म्हणजे किती? आकडे जोडावेत. पुरावा नाही. परत.’

“पापा! फक्त सही पाहिजे होती!”

“झोप येते, हा पुरावा नाही होत, बेटा. झोप कोणाले नाही येत? आमच्या आफिसात तं मीटिंग सुरू झाली का साऱ्याईलेच येते. अन् आयक, कागद हातात नको आणू. इथं आवकमंदी ठेवायचा. संध्याकाळी चार ते पाच.”

आवक म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेली एक मोठी परात होती.

“अवो, माही परात!” कमलिनीबाई किंचाळल्या. “कणीक कशात भिजवू मी?”

“चार ते पाच सोडून कव्हाबी भिजव.”

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रांजली स्टुलावर तोंड पाडून बसली. नागसेननं शेगडीत कोळसा टाकला. “काय झालं, पोरी? आज नकाशा नाही काढला.”

“काका, मी इथं खूप वेळ बसते, याचा पुरावा कुठून आणू?”

“त्यात काय आहे?” नागसेननं टेबलाखालून जाडजूड रजिस्टर ओढलं. “जो फाटकावर आला, त्याचा टाइम आपण लिहितो. दूधवाला, पेपरवाला, अन् तू. तुह्या नावासमोर तं मी आता टाइम न पाहताच लिहितो. पाच बेचाळीस.”

जूनपासूनचे एकशे बारा दिवस. प्रांजलीनं वहीच काढली. रोजचे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, गुणिले एकशे बारा, म्हणजे दोनशे एक तास छत्तीस मिनिटं. म्हणजेच आठ दिवस, नऊ तास आणि छत्तीस मिनिटं ती रात्रंदिवस फाटकाशी बसली होती. एवढ्या वेळात माणूस भिलाईहून निघून काशी करून परत येतो, आणि वर प्रसाद वाटतो.

मंगळवारी चार वाजता नवा निबंध परातीत पडला. सोबत रजिस्टरातला उतारा, खाली नागसेनची सही. ‘खूप’ हा शब्द एकदाही नव्हता. देवरावांनी गुणाकार दोनदा तपासला. रजिस्टरापुढे त्यांचं काही चालत नसे. रजिस्टरात लिहिलं असतं की सूर्य पश्चिमेला उगवला, तर त्यांनी सूर्याकडून खुलासा मागवला असता.

“आकडा बरोबर आहे,” ते जड आवाजात म्हणाले.

“मंग सही?”

“विरोधी बाजू कुठं आहे? ‘पापा म्हणतात धोका आहे, पण नाही आहे.’ हे उत्तर झालं? धोका आहे का नाही, हे तू ठरवशीन का मी? ज्याचं काम त्यानं ठरवावं.” आणि हिरव्या शाईत खाली सरसर उतरलं: ‘रस्त्याबाबत शालिकरामजींचा व प्रकृतीबाबत बेबीताईंचा अभिप्राय घेऊन सादर करावे.’

शालिकरामकाका दोन घरं सोडून राहायचे. प्लांटच्या सेफ्टी विभागातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. बेबीताई समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या आणि हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर होत्या. दोघांचाही काळ कसा जात होता हे सांगायला नको. बेबीताई येणाऱ्याजाणाऱ्याची नाडी पाहायच्या. शालिकरामकाका घरातल्या घरात गॅसचा सिलेंडर तपासायचे, दिवसातून तीनदा.

प्रांजलीनं फाइल बेबीताईंच्या हातात दिली, तर त्यांनी आधी ती कपाळाला लावली.

“बस बेटा, दोन मिनिटात लिहून देते,” बेबीताई म्हणाल्या आणि दीड तास लिहीत बसल्या. चौदा वर्षांच्या मुलीला आठ ते नऊ तास झोप हवीच, असं त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं. उरलेली चार पानं देवरावांवर होती. त्यांचा बीपी, त्यांचं घोरणं, जेवताना त्यांचं वरून मीठ घेणं, आणि लोणच्याच्या बरणीशी असलेले त्यांचे संबंध.

बुधवारी संध्याकाळी देवरावांनी ते वाचलं. “हे विषयाले सोडून आहे,” ते म्हणाले.

“अभिप्राय तुमीच मांगतला न?” कमलिनीबाईंनी ताटातली लोणच्याची फोड उचलली. “आता फाइलीत आलं ते आलं.”

गुरुवारी सकाळी सात वाजता शालिकरामकाका हेल्मेट, सेफ्टीचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात रस्त्याच्या पाहणीला निघाले. हातात खडू होता. जिथं धोका दिसेल तिथं ते खाली वाकायचे, गोल काढायचे, आत नंबर लिहायचे आणि फाइलीत नोंद करायचे. समोशाच्या ठेल्यापाशी नंबर दोन. ऑटोवाले उभे राहतात तिथं नंबर पाच. पंक्चरवाल्यानं टायर मांडून ठेवले होते तिथं सात, आठ आणि नऊ.

“क्या नाप रहे हो, चाचा?” समोसेवाल्यानं विचारलं.

“जोखिम,” शालिकरामकाका गंभीरपणे म्हणाले आणि पुढे गेले.

हेल्मेट घातलेला माणूस रस्त्यावर नंबर टाकून गेला, ही बातमी हथखोजकडे जाणाऱ्या बसपेक्षा लवकर पसरली. ठेले उठणार, असं कुणी म्हणालं. रस्ता चौपदरी होणार, असं दुसरा म्हणाला. दहा वाजेपर्यंत समोसेवाल्यानं ठेला आपण होऊन नाल्यापलीकडे नेला. पंक्चरवाल्यानं टायर आत घेतले. ऑटोवाल्यांनी अशी सरळ रांग लावली की एक ट्रॅफिक हवालदार थांबून बघत राहिला आणि आपण कुठल्या गावात आहोत, असं त्यानं एका पोराला विचारलं. दुपारी शालिकरामकाका फेरतपासणीला गेले, तर सतरा धोक्यांपैकी दोन कुत्री उरली होती, आणि तीसुद्धा त्यांना पाहून उठून उभी राहिली.

आता फक्त अहवालाची साफ प्रत आणि सही राहिली होती. शुक्रवारी शाळेतून आल्यावर प्रांजली धावत काकांकडे गेली. दाराला कुलूप. तिनं फोन लावला.

“काका, फाइल?”

“माह्यापाशीच आहे, बेटा. मी कुम्हारीले आलो, समद्याईकडे, पोरीच्या सासरी.”

“फाइल घेऊन?”

“मंग! त्याईले वाटते मी रिटायर झालो म्हणजे रिकामा. म्हटलं पाहा, आजबी काम चालूच आहे. ते वाचूनच राहिले. लय मन लागलं त्याईचं.”

“काका, उद्या सकाळी जमा करायची आहे!”

“येतो न, येतो. समदी बी रेल्वेत होते, त्याईनंबी एक अभिप्राय जोडला.”

संध्याकाळच्या बसनं फाइल कुम्हारीहून परत आली. तेवीस पानं झाली होती. रेल्वे फाटक ओलांडताना दोन्हीकडे पाहावं, असा व्याह्यांचा अभिप्राय होता. घर ते शाळा वाटेत रेल्वे फाटकच नव्हतं, पण सल्ला चांगला होता. शालिकरामकाकांनी शेवटी लिहिलं होतं: ‘रस्ता सायकलीस योग्य. घंटी व चकाकणारी पट्टी बसवावी.’

प्रांजलीनं परातीची वाट न पाहता फाइल वडिलांच्या मांडीवर ठेवली. दावा होता, कारण होतं, पुरावा होता, विरोधाला उत्तर होतं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. देवरावांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हिरव्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. आणि लिहिलं: ‘चर्चा करावी.’

“चर्चा?” कमलिनीबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. “कोणासंगं? घरात माणसं तीन, त्यातले दोन तयार आहेत!”

“घाईत निर्णय नाही होत.”

प्रांजली उठली. आत जाऊन बसली. रडणार नव्हती, पण नाक वाजत होतं. कमलिनीबाई तिच्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “तू साऱ्याचं उत्तर देल्लं, पोरी. पण जे त्याईनं लिहिलंच नाही, त्याचं कोण देईन?”

“काय नाही लिहिलं?”

“ते मले काय माईत? विचार त्याईले.”

शनिवारी पहाटे स्कूटर निघाली. धुकं होतं, आणि देवराव नेहमीसारखे वीसच्या वेगानं चालवत होते. आज प्रांजली जागी होती.

“पापा, खरं सांगा. ट्रॅफिक नाही, कुत्रे नाही, तब्येत नाही. मंग काय आहे?”

 दोन चौक गेले.

“आठ मिनिटं होतात,” ते म्हणाले.

“कशाचे?”

“घर ते शाळा. मी दोन वाजता येतो तवा तू ट्यूशनले. तू येतेस तवा मी झोपून राहतो. मंग तू मोबाइलमंदी. दिवसभरात तुह्यासंगं मले आठच मिनिटं होतात.”

“पण पापा, आपण तं बोलतच नाही! मी तुमच्या पाठीवर झोपून राहते!”

“हाव न,” देवराव म्हणाले. “डोकं टेकवून झोपतेस. म्हणूनच तं वीसनं चालवतो. नाई तं ही स्कूटर चारच मिनिटात येते.”

फाटकाशी उतरल्यावर प्रांजलीनं त्यांना थांबवलं. नागसेननं स्टूल दिला. तिनं शेवटच्या कागदावर चार ओळी लिहिल्या: ‘विरोधकांचं खरं कारण त्यांच्या कागदात नव्हतं. ते मला पटलं आहे. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्यासोबत स्कूटरवर पोहे खायला जाईन. वेग वीसच राहील. मी जागी राहीन.’

देवरावांनी ते स्कूटरच्या सीटवर ठेवून वाचलं. धुक्यामुळे त्यांचा चष्मा ओला झाला, असं नागसेनला त्यांनी न विचारताच सांगितलं. मग हिरव्या शाईत लिहिलं: ‘मान्य. सोमवारपासून.’ खाली लफ्फेदार सही, तारीख, आणि वेळ पाच अठ्ठावन्न. त्या दिवशी देवराव एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाच मिनिटं उशिरा पोचले. भट्टी गोठली नाही. मशीन त्यांनाही ‘थँक यू’ म्हणालं.

सोमवारी प्रांजली सव्वासहापर्यंत झोपली. सातला सायकलवर बसली. ऑटोवाल्यांच्या सरळ रांगेसमोरून ती अशी गेली की जणू सलामी घेते आहे.

गोष्ट इथंच थांबली असती, पण रीना मॅडमना निबंध भारी आवडला. दहापैकी नऊ मार्क दिले. एक कापला, कारण दोनशे शब्दांना बावीस पानांचं शेपूट होतं. आणि आनंदाच्या भरात त्यांनी ती फाइल प्राचार्य ओमप्रकाश सरांना वाचायला दिली.

प्राचार्यांनी निबंध वाचला नाही. पुरावा वाचला.

मंगळवारी प्रार्थनेनंतर ते माइकपाशी आले. “इसी स्कूल की एक बच्ची,” त्यांचा आवाज भरून आला होता, “एक सौ बारह दिन, सुबह पाँच बयालीस पर फाटक पर हाजिर! एक दिन लेट नहीं, एक दिन बीमार नहीं! और लोग कहते हैं, बच्चे सुबह उठ नहीं सकते. इसलिए अगले सोमवार से पूरी नौवीं की प्रभात कक्षा लगेगी. ठीक छह बजे.”

मैदानात इतकी शांतता पसरली की नागसेनच्या शेगडीतला कोळसा तडकलेला ऐकू आला. मग अठ्ठ्याऐंशी माना एकाच वेळी प्रांजलीकडे वळल्या.

“वाह,” पीयूष दातओठ खात म्हणाला. “सोना था तुझको, और जगा दिया सबको.”

“मैंने तो उल्टा लिखा था!”

“तो उल्टा पढ़ लिया उन्होंने. मोबाइल पे लिख देती तो क्या बिगड़ता?”

प्रांजली घरी आली ती थेट वडिलांच्या खाटेपाशी. देवराव शिफ्ट करून पडले होते. तिनं सगळं सांगितलं. ‘पुरावा’ या शब्दाशी ते उठून बसले, ‘सहा वाजता’शी त्यांनी चष्मा लावला.

“माह्या सहीच्या कागदावरून?” ते गरजले. “ज्या कागदावर मी लिहून देल्लं का पोरीले झोपू द्या, त्याच कागदावरून साऱ्या पोट्ट्याईले उठवून राहिले? अशानं तं सहीची किंमतच गेली!”

“पण पापा, तुम्हीच तर म्हणायचे का सकाळी उठणं चांगलं.”

“ते मान्य करायच्या आधी. सही झाली म्हणजे झाली. आता माहं मत तेच, जे फाइलीत आहे.”

आणि एकतीस वर्षं पहाटे उठणारे, सेक्टराला पहाटे उठवणारे देवराव बोरकुटे झोपेच्या बाजूनं लिहायला बसले. दावा, कारण, पुरावा, विरोध, उत्तर. प्रांजली शेजारी बसून सांगत होती, कुठं आकडा हवा, कुठं समोरच्याचं म्हणणं आधी मांडायला हवं. “पापा, ‘खूप’ नका लिहू,” ती म्हणाली, आणि त्यांनी मुकाट्यानं ‘खूप’ खोडला.

बुधवारी शिफ्टनंतर ते शाळेत गेले. प्राचार्य ओमप्रकाश सर म्हणजे सरकारी शाळांतून आलेला, नियम कोळून प्यालेला माणूस. त्यांनी कागद वजन केल्यासारखा हातावर तोलला.

“आपत्ति लिखित में है?”

“लिखित में है. तीन प्रतियों में.”

प्राचार्यांच्या डोळ्यांत देवरावांनी तेच तेज पाहिलं, जे नऊ दिवसांपूर्वी कमलिनीबाईंनी देवरावांच्या डोळ्यांत पाहिलं होतं. “फिर तो विचाराधीन रहेगी,” सर म्हणाले आणि खणातून हळुवारपणे लाल पेन काढलं. “और जब तक निर्णय नहीं, तब तक प्रभात कक्षा स्थगित.”

गुरुवारी प्रांजलीच्या हाती कागद परत आला. लाल शाईत लिहिलं होतं: ‘सुबह पाँच से छह के बीच मार्ग की स्थिति स्पष्ट करें.’

देवरावांनी बाह्या सरसावल्या. “आताच जातो शालिकरामकडे! उद्या सकाळी पाहणी, परवा उत्तर, शनिवारी निकाल! या सायेबाले दाखवतो काम कसं झटपट होते!”

ते चपला घालेपर्यंत प्रांजली त्यांच्या पुढे निघून काकांच्या दारात पोचली होती. शालिकरामकाकांनी हेल्मेट आधीच डोक्यावर चढवलं होतं.

“काका,” प्रांजली म्हणाली, “घाई नका करू. आता धुकं आहे, रस्ता नीट दिसन का?”

“नाही दिसन,” काकांनी कबूल केलं.

“अन् थंडीतला रस्ता वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. दोन्ही पाहिल्याशिवाय सही केली, अन् काही झालं, तं जबाबदारी कोणाची?”

काकांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मागून आलेले देवराव दारातच थबकले. एकतीस वर्षांत त्यांनी भलेभले साहेब पाहिले होते, पण इतक्या सफाईनं फाइल बाजूला ठेवणारा एकही पाहिला नव्हता.

“मंग कव्हा पाहू म्हणतेस?” काकांनी विचारलं.

“मार्चमंदी,” प्रांजली म्हणाली. मार्चमध्ये नववीची परीक्षा संपायची. “होळी झाल्यावर. आरामात.”

“होळीनंतर कुम्हारीले जातो मी,” शालिकरामकाका विचारात पडले. “पंधरा दिवस.”

“मंग तं फारच चांगलं, काका,” प्रांजली म्हणाली. “फाइल संगं घेऊन जा.”